आईच्या मंगळसूत्राच्या वाट्या उसात हरवल्यात, डिटेक्टर कुठल्या मोडवर लावू?

सरीवरंबा (धागाकर्ता), मंगळवार रात्री

राम राम मंडळी. करवीर तालुक्यात भोगावतीकाठी आमचं वीस गुंठे रान आहे, आडसाली ऊस, सध्या कमरेएवढा. रविवारी आई आणि भावकीतल्या तिघीजणी भांगलायला गेल्या होत्या. दुपारी घरी आल्यावर हात-पाय धुताना आईच्या ध्यानात आलं की मंगळसूत्र वाढलंय. काळे मणी निम्मे पोलक्यात अडकून राहिले, पण दोन्ही वाट्या आणि सोन्याचे चार मणी गेले. एक वाटी माहेरची, एक सासरची. सासरची आज्जानं गुळाची पट्टी आल्यावर गुजरीत केली होती. आई दोन दिवस नीट जेवलेली नाही.

मित्राकडं एक जुना मेटल डिटेक्टर आहे, तो आणलाय. साडेसहा किलोहर्ट्झचा, एकाच फ्रिक्वेन्सीचा. त्यावर ऑल मेटल, ज्वेलरी, कस्टम, रेलिक्स आणि कॉइन्स असे पाच मोड आहेत. सेन्सिटिव्हिटीचे आठ टप्पे. काल ऑल मेटलवर लावला तर पावला-पावलाला ओरडतोय. म्हणून कॉइन्सवर लावला, एकदम शांत झाला. दोन तास फिरलो, एकदाच वाजला आणि मोटरच्या वायरीचा तांब्याचा तुकडा निघाला. पडद्यावर सेंटचे आकडे आहेत, ते काही कळेनात. कुणी वापरलं असेल तर सांगा.

---

उद्यमनगर

भावा, पहिल्यांदा कॉइन्स मोड बंद कर. काल शांत वाटलं ना, त्या शांततेतच वाट्यांवरून मशीन फिरून गेलं असण्याची शक्यता आहे.

कारण सांगतो. मशीनला सोनं, चांदी असं काही कळत नाही. दांड्याच्या खालच्या चकतीत तारेचं वेटोळं असतं, तीच कॉइल. तिच्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत त्यानं भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि त्या प्रवाहांचं उलटं क्षेत्र कॉइलला परत मिळतं. ते किती उशिरा आणि किती जोरात परत आलं, एवढ्यावर मशीन आकडा ठरवतं. जाड चांदीचा रुपया किंवा तांब्याचा जाड तुकडा वरच्या टोकाला बोलतो. पातळ, लहान, पोकळ वस्तू खालच्या टोकाला बोलते, मग ती बावीस कॅरेटची का असेना. मंगळसूत्राची वाटी म्हणजे पातळ पत्र्याची पोकळ टोपी. ती गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाशेजारीच दिसणार.

पडद्यावरचे सेंट अमेरिकेतल्या नाण्यांचे आहेत. कॉइन्स मोड त्या नाण्यांसाठी बेतलेला असतो. तो लोखंड गाळतो, त्याच्याबरोबर चंदेरी कागद आणि डब्याच्या झाकणाचा पट्टाही गाळतो. नेमक्या त्याच खान्यात तुझ्या आईच्या वाट्या आहेत. आपली हल्लीची एक-दोन रुपयांची नाणीसुद्धा स्टीलची असल्यानं लोखंडाच्या बाजूला घोटाळतात, त्यामुळं आपल्याकडं नाण्यांसाठीही त्या मोडचा भरवसा नाही.

ऑल मेटल लाव. ओरडतंय ते कमी कसं करायचं ते उद्या सविस्तर लिहितो, आत्ता कामावर आहे.

---

पाचगावची_लेक

दादा, मशीन राहू दे जरा बाजूला. आईंना शांत बसवून विचारा की भांगलण कुठल्या सरीपासून सुरू केली, न्याहारीला कुठं बसल्या, आणि उपटलेलं गवत कुठं टाकलं. आमच्या चुलतीची बुगडी अशीच गेली होती. ती रानात नव्हतीच, वैरणीच्या भाऱ्यात घरी आली होती. गवत म्हशीपुढं टाकलं असेल तर गव्हाण आणि उकिरडाही बघा. बायका भांगलताना वाकून असतात, पोत लोंबते, पदर खोचताना अडकते. न्याहारीला बसून उठताना पदर परत खोचला असेल, तर मी ती जागा पहिली धरीन.

---

सरीवरंबा

ताई, लई उपयोगी विचारलंत. आई म्हणते पाचव्या सरीपासून सुरू करून अकराव्या सरीपर्यंत आल्या. न्याहारी बांधावर जांभळीखाली. गवत थोडं बांधावर ढीग, थोडं घरी आणलं. म्हणजे वीस गुंठ्यांऐवजी सात सऱ्या आणि बांधच बघायचा आहे. उकिरड्यावर आज मशीन फिरवलं, नुसते खिळे.

---

उद्यमनगर

आता बसून लिहितोय. सात सऱ्या म्हणजे काम निम्म्याच्या निम्म्यावर आलं, ताईंचे आभार मान.

सुरुवात शेतात करू नको, घरासमोर कर. तुझ्या बहिणीची किंवा वहिनीची तशीच एक वाटी घे. अंगठी चालणार नाही, चेन तर नाहीच. अंगठी म्हणजे बंद कडं, त्यात प्रवाह छान फिरतो आणि ती जोरात बोलते. चेनची गोष्ट उलटी. कडी कडीला नुसती टेकलेली असल्यानं प्रवाह पुढं जात नाही, मशीनला एकेक कडी सुटी दिसते. म्हणून दोन तोळ्यांची चेनसुद्धा मशीनला चिमूटभर वाटते. वाटी शोधायची असेल तर वाटीचाच आवाज कानात बसायला हवा.

ती वाटी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, पिशवीला लांब लाल दोरा बांध, नाहीतर दुसरीही हरवशील. मग त्याच रानातली माती घमेल्यात आणून प्लॅस्टिकच्या बादलीत भर. वाटी वर ठेवून, चार बोटं खाली ठेवून, वीतभर खाली ठेवून तिन्ही वेळा ऐक. आडवी ठेव, उभी ठेव. उभी असली की आवाज पडतो. प्रत्येक मोडमध्ये ऐक आणि कुठल्या मोडला ती गप्प होते ते कागदावर लिही. कंपनीच्या पुस्तकापेक्षा हा कागद तुझ्या जास्त कामाचा.

आता ऑल मेटलच्या ओरडण्याबद्दल. ते तीन गोष्टींनी होतं.

एक, सेन्सिटिव्हिटी. सगळ्यांना वाटतं आठावर ठेवली की खोल दिसेल. आपली काळी माती बेसॉल्टची झीज आहे, तिच्यात लोहचुंबकाला चिकटणारे बारीक कण असतात. चुंबक घेऊन कोरड्या मातीत फिरव, काळी मिशी लागते बघ. आठावर ठेवलं की मशीन त्या मातीलाच उत्तर देत बसतं. चार-पाचवर आण. गप्प मशीनची चार इंच खोली ओरडणाऱ्या मशीनच्या आठ इंचांपेक्षा खरी असते.

दोन, वीज. मोटर चालू असेल, डीपी जवळ असेल किंवा वरून तारा जात असतील तर मशीन कॉइल स्थिर धरली तरी टिकटिकतं. तुमच्या फीडरला थ्री फेज रात्रीची असेल त्या आठवड्यात दिवसा जा. मोबाईल फ्लाइट मोडवर टाक किंवा बांधावर ठेवून जा.

तीन, तुझा हात. सरीत कॉइल फिरवताना टोकाला वरंबा येतो आणि कॉइल मातीला जवळ जाते. मशीनला वाटतं काहीतरी आलं. सरीला आडवी झाडू नको. आधी सरीचा तळ लांबीच्या दिशेनं, मग वरंब्याची एक कड उतारानं, मग दुसरी. कॉइल मातीपासून दोन बोटं, शेवटपर्यंत तेवढीच.

---

राधानगरीकर

मधेच विचारतो, रागावू नका. आमच्याकडं जांभ्याची लाल माती आहे, बॉक्साईटच्या पट्ट्यातली. तिथं कुठलाही मोड लावला तरी दगड वाजतात. त्याला काय इलाज?

---

मातीचा_अभ्यासक

राधानगरीकर, जांभ्यात लोहाची ऑक्साइडं भरपूर असतात आणि काही दगड धातूसारखं उत्तर देतात. शोध घेणारे त्यांना 'हॉट रॉक' म्हणतात. ओळख अशी: कॉइल डावीकडून नेली तर वाजतो, उजवीकडून नेली तर गप्प किंवा आकडा भलताच. कॉइल थोडी उचलली की लगेच मरतो. धातू दोन्ही बाजूंनी आणि नव्वद अंशांत वळून फिरवला तरी त्याच जागी बोलतो.

तुमच्या मातीसाठी ग्राउंड बॅलन्स करता येणारं मशीन हवं. धातू नसलेल्या जागी ते बटण दाबून कॉइल जमिनीवर वर-खाली करायची, मातीचा आवाज सपाट होईपर्यंत. सतत बदलणाऱ्या मातीत ट्रॅकिंग, म्हणजे मशीननंच हे आपोआप जुळवत राहणं, चालू ठेवता येतं, पण एकाच जागी कॉइल घोळवत राहिलात तर ट्रॅकिंग त्या वस्तूलाच माती समजून खाऊन टाकतं. पल्स इंडक्शनची, म्हणजे सलग क्षेत्राऐवजी तुटक झटके सोडणारी मशीनं जांभ्यात सरस चालतात, मात्र लोखंड वेगळं काढण्यात ती कच्ची असतात, म्हणजे खणण्याची तयारी हवी.

सरीवरंबा, तुमच्या मशीनला ग्राउंड बॅलन्स कारखान्यातच ठरवलेला दिसतो. म्हणून सेन्सिटिव्हिटी खाली आणणं हाच तुमचा ग्राउंड बॅलन्स. आणखी एक महत्त्वाचं. काळी माती सुकली की भेगाळते. रविवारनंतर पाणी दिलंय का? भेगेत पडलेली वाटी हातभरही जाऊ शकते आणि पाणी दिल्यावर भेग तिच्यावर मिटते.

---

सरीवरंबा

पाणी दिलेलं नाही, पाळी शुक्रवारी आहे. थांबवतो. भेगा आहेत, बोट जाईल एवढ्या.

बादलीचा प्रयोग केला. वहिनीची वाटी घेतली. ऑल मेटल आणि ज्वेलरी दोन्हीत वर ठेवल्यावर मधला आवाज, चंदेरी कागदाच्या खान्यात. चार बोटं खाली बारीक पण दर वेळी. वीतभर खाली गेली की नाहीच. रेलिक्समध्येही वाजली. कॉइन्समध्ये वर उघडी ठेवली तरी गप्प! दोन तास मी काय केलं ते तेव्हा कळलं.

मग ज्वेलरी मोड घ्यावा का? लोखंड गाळतो आणि वाटी सोडत नाही.

---

उद्यमनगर

इथंच माणूस फसतो, म्हणून सविस्तर लिहितो.

एक खिळा घे. वाटी जमिनीवर ठेव, खिळा तिच्यापासून चार बोटांवर ठेव, ज्वेलरीवर कॉइल फिरव. मग तीन बोटांवर, मग दोन बोटांवर. कुठंतरी वाटी बोलायची बंद होईल. मशीन खिळ्याला 'तू नको' म्हणून गप्प बसतं आणि त्या गप्प बसण्यातून बाहेर यायच्या आत कॉइल वाटीवरून निघून गेलेली असते. लोखंडाची सावली पडते म्हण. ऑल मेटलमध्ये निदान खिळ्याचा खालचा आवाज आणि वाटीचा मधला आवाज एकमेकांत अडकून तुटका येतो. तो तुटका आवाज ऐकू आला की थांबायचं.

आमच्या कारखान्याच्या आवारात लेथचा बुरादा मातीत मुरलाय. तिथं मी माझीच अंगठी ठेवून तासन् तास सराव केला. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे लोखंडाची गाळणी, लावलं की आवार रिकामं वाटायचं. तुझ्या रानात बैलाच्या पत्र्या, नांगराच्या फाळाचे तुकडे, खिळे असणारच, तीन पिढ्या बैल चाललेत तिथं.

म्हणून असं कर. जिथं लोखंड विरळ आहे तिथं ज्वेलरीवर पहिला हात, भराभर. जिथं तुटक आवाज येतात तिथं ऑल मेटल, सेन्सिटिव्हिटी अजून एक टप्पा खाली, कॉइल सावकाश, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली. बशीएवढी छोटी कॉइल मिळाली असती तर बरं झालं असतं, लहान कॉइलखाली एका वेळी एकच वस्तू येते. कुणाकडं असेल तर इथं सांगा.

मोठं लोखंड उचलून बाजूला टाकत जा आणि तीच जागा परत फिरव. लोखंड निघालं की खालचं बोलायला लागतं.

---

पंचगंगाकाठ

माझ्याकडं एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी चालवणारं मशीन आहे, मिनलॅबचं इक्विनॉक्स. शनिवारी घेऊन येऊ शकतो, रंकाळ्याजवळून निघेन. त्यात पार्क, फील्ड, बीच अशी नावं आहेत, आणि नावावरून वाटतं शेतात फील्डच लावायचं. मी सुरुवातीला तेच करायचो. पण ही नावं नुसत्या जागेची नाहीत. आत कुठल्या फ्रिक्वेन्सीवर भर आहे, एका वस्तूनंतर दुसरी ऐकायला मशीन किती लवकर सावरतं, काय गाळलंय, याची ती गाठोडी आहेत. पार्क एकचा भर खालच्या फ्रिक्वेन्सीकडं, जाड नाण्यांसाठी. पार्क दोनचा भर वरच्या फ्रिक्वेन्सीकडं, बारीक दागिन्यांसाठी. त्यामुळं तुमच्या शेतात मी पार्क दोन लावीन आणि घोड्याच्या नालेचं चित्र असलेलं बटण दाबून गाळणी काढून टाकीन. त्यात लोखंड शून्याच्या खाली उणे आकड्यांत दिसतं आणि बाकीचे धातू १ ते ४० मध्ये. वाटी खालच्या आकड्यांत यायला हवी, पण वहिनींची वाटी तिथंच ठेवून आधी ऐकू.

बीच मोड काळ्या मातीत लावायचा मोह होतो. तो खाऱ्या ओल्या वाळूसाठी आहे, गणपतीपुळ्याला नेलं तेव्हा बाकीचे मोड वेड्यासारखे वाजत होते आणि बीच शांत. भोगावतीच्या रानात त्याची गरज नाही.

---

वाडा_चिरेबंदी

असंच मशीन आमच्या जुन्या वाड्यात लावायचं आहे. आज्जी सांगायची की हंडा पुरलाय. एकजण आलेला, त्याच्याकडं दोन दांड्यांचं यंत्र आहे, दहा फूट खोलवरचं सोनं दाखवतं म्हणाला. पंधरा हजार मागतोय. आणि पन्हाळ्यावर फिरवलं तर काही मिळेल का?

---

मातीचा_अभ्यासक

नाही. दोन्हीला स्पष्ट नाही.

हातात धरलेल्या दोन दांड्या माणसाच्या मनगटानं फिरतात. त्यात कॉइल नाही, मातीत काही जात नाही आणि परत काही येत नाही. पैसे देऊ नका. आणि तोच माणूस उद्या गुप्तधनासाठी पूजा, बळी असलं काही बोलू लागला तर सरळ पोलीस ठाणं गाठा, त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

पन्हाळा संरक्षित स्मारक आहे. तिथं मशीन घेऊन जाणंच चूक. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र असतं, त्यापुढं २०० मीटर नियंत्रित. आणि कायदा राहू द्या, नुकसान बघा. आपल्याच शहरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षितांनी उत्खनन केलं. त्याच टेकाडातून पोसायडनची ब्राँझची मूर्ती आणि रोमन धाटणीची ब्राँझची भांडी मिळाली आणि त्यांनी सांगितलं की दोन हजार वर्षांपूर्वी कोल्हापूरचं नातं समुद्रापलीकडं होतं. टाऊन हॉलच्या संग्रहालयात जाऊन बघा. उत्खननात वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी होती याची नोंद होते. हौशी माणूस बीप ऐकून खड्डा करतो तेव्हा वस्तू हातात येते आणि तो थर कायमचा जातो.

स्वतःच्या जागेत जुनं पुरलेलं काही निघालंच, तर १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं असल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आईच्या हरवलेल्या वाट्या ही वेगळी गोष्ट आहे, ती आपलीच वस्तू आहे.

---

सरीवरंबा

शनिवारची वाट न बघता आज सकाळी गेलो. पाचवी, सहावी, सातवी सरी झाली. फक्कीनं खुणा करत गेलो म्हणजे कुठलं झालं ते चुकत नाही. निघालेला माल: बैलाच्या सहा पत्र्या, खुरप्याचं टोक, औषधाच्या बाटलीची झाकणं, एक चेपलेली जस्ताची वाटी आणि गोळ्यांच्या पाकिटांचे कागद किती ते मोजले नाहीत. प्रत्येक कागदाला काळजात धस्स होतं. सोडू का ते आवाज?

---

उद्यमनगर

एकही सोडू नको. कागदाचा आवाज आणि वाटीचा आवाज तुझं मशीन वेगळे सांगू शकत नाही. कागद सोडायचं ठरवलंस की वाटी सोडायचं ठरवल्यासारखंच आहे.

खणताना पिनपॉइंट वापर, नाहीतर उसाची मुळं तोडशील. आवाजापासून वीतभर बाजूला, रिकाम्या जागी बटण दाबून धर आणि मग आवाजावर आण. पिनपॉइंटमध्ये कॉइल हलवत राहावं लागत नाही, वस्तूच्या नेमकं वर सगळ्यात मोठा आवाज येतो. या मोडमध्ये कसलीच गाळणी नसते, म्हणून शेजारचा खिळाही बोलेल, ते ध्यानात ठेव. खुरपं थेट आवाजावर मारू नको, पातळ वाटी चेपेल. बाजूनं ढेकूळ उचल, घमेल्यात घे, ढेकूळ कॉइलसमोर फिरव.

---

पाचगावची_लेक

दादा, बांध बघितलात का? जांभळीखालचा?

---

सरीवरंबा

शनिवार रात्री लिहितोय.

पंचगंगाकाठ दादा सकाळी आठलाच आले. आधी वहिनीची वाटी जांभळीखाली ठेवून आकडा बघितला, खालचाच होता आणि एका आकड्यावर टिकत नव्हता, दोन-तीन घरांत हलायचा. मग आठवी आणि नववी सरी, दोघं दोन मशीनं घेऊन. काही नाही. दहाला न्याहारी करायला बांधावर बसलो तेव्हा ताईंचं आठवलं. आई जिथं बसली होती तिथं गवताचा ढीग सुकून पडलेला. ढीग उचलून बाजूला झाडला. खालच्या मातीवर माझं जुनं मशीन ऑल मेटलवर, सेन्सिटिव्हिटी चार. तुटका आवाज, खाली-मध्ये-खाली. दादांनी त्यांचं फिरवलं, उणे आकडा आणि मधूनच तीन. एक गंजलेला खिळा निघाला. खिळा फेकून परत फिरवलं तर स्वच्छ तीन-चार.

भेगेत होती, चार बोटं खाली. सोबत दोन सोन्याचे मणी, त्यांना दोन्ही मशीनं काही बोलली नाहीत, ते ढेकूळ हातानं फोडताना दिसले. ज्वेलरी मोडवर मी तीच जागा परत बघितली, खिळा ठेवून आणि काढून. खिळा असताना गप्प. उद्यमनगर दादा, तुम्ही सांगितलं नसतं तर खिळ्याची सावली मला कळलीच नसती.

घरी नेली तर आईनं उलटी करून बघितली आणि म्हणाली, ही माहेरची. कडेला बारीक पोचा आहे, मी लहान असताना दातानं चावला होता म्हणे. सासरची अजून रानात आहे. भेगांचा सगळा बांध पिंजलाय, तिथं नाही. दहावी आणि अकरावी सरी राहिलीय. पाण्याची पाळी भावकीशी बोलून चार दिवस पुढं ढकललीय. उद्या सातला सुरू करतोय. छोटी कॉइल कुणाकडं असेल तर कळवा, मी न्यायला येतो.

---

लोहार_गल्ली

सहा इंची कॉइल आहे माझ्याकडं, तुमच्याच साडेसहा किलोहर्ट्झच्या मशीनची. शाहूपुरीत ये सकाळी सहाला, चहा पिऊन घेऊन जा.